तीन पाठ, पाच सूर : एका तुलनेच्या प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

आज ठरलं. परग्रहावरचे पाहुणे पृथ्वीवर येतात, त्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' या चित्रपटाच्या तिन्ही आवृत्त्यांचा दृश्यवार तक्ता करायचा आणि ८ जूनच्या घरगुती बैठकीत तो चित्रपटप्रेमी मंडळींपुढे ठेवायचा. कामाला आम्ही पाच जण: मराठीचे निवृत्त शिक्षक असलेले सर, व्हिडिओ एडिटिंग करणारी ताई, भजनी मंडळात पेटी वाजवणारे काका, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला धाकटा आणि मी.

विषय निघाला तो मागच्या बैठकीतल्या भांडणातून. धाकट्याने 'स्टार वॉर्स' लावला होता. मॉस आयस्लीचा गुत्ता, टेबलाच्या एका बाजूला नायकांपैकी एक हान सोलो, समोर त्याला पकडायला आलेला ग्रीडो. आधी पिस्तूल कोणी झाडलं यावर तासभर आवाज चढले. सर म्हणाले, हानने झाडलं, मी स्वतः पाहिलंय. धाकटा म्हणाला, सर, समोर दिसतंय ना, दोघांनी जवळजवळ एकदमच झाडलंय. दोघंही खरं बोलत होते. १९७७ साली पडद्यावर आलं तेव्हा एकटा हान झाडतो. १९९७ च्या 'स्पेशल एडिशन'मध्ये ग्रीडो आधी झाडतो, हातभर अंतरावरून त्याचा नेम चुकतो आणि हानची मान संगणकावर बाजूला सरकवलेली आहे. २००४ च्या डीव्हीडीत दोन्ही वार काही फ्रेमच्या अंतरावर आणले. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर आला तेव्हा ग्रीडोच्या तोंडी 'मॅकलंकी' असा एक नवाच शब्द होता. एक टेबल, दोन पात्रं, आणि चार वेळा हात फिरवलेला.

भांडण संपेना, कारण सरांनी पाहिलेला पाठ त्या दिवशी आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. मग मी सुचवलं की ज्याचे सगळे पाठ हाताशी आहेत असा चित्रपट घेऊन बसू. 'क्लोज एन्काउंटर्स'चे तिन्ही पाठ २००७ च्या संचात एकत्र मिळतात. दुसरं कारण घरचं आहे. त्यातलं भारतातलं दृश्य खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झालं. आम्ही खोपोलीकर. हाळ आम्हाला हाकेच्या अंतरावर.

'आवृत्ती'ऐवजी 'पाठ' हा शब्द सरांचा. त्यांचं म्हणणं, पोथीची प्रत वेगळी आणि पोथीचा पाठ वेगळा. डिस्क ही प्रत, तिच्यात जे सांगितलंय तो पाठ. हा फरक तक्त्यात पहिल्यापासून पाळायचा असं ठरलं.

१३ एप्रिल, रविवार

तक्त्याचे रकाने ठरले: दृश्य, १९७७, १९८०, १९९८, शेरा. एका ओळीत एक दृश्य. प्रत्येक पाठातली वेळ मिनिट-सेकंदात. ताईने सांगितलं की वेळ दृश्याच्या पहिल्या फ्रेमची घ्यायची, संवाद सुरू झाल्याची नाही, नाहीतर पुढे सगळा गोंधळ होईल.

पाठांचा इतिहास आधी लिहून ठेवतो, कारण बैठकीत हा प्रश्न पहिला येणार.

चित्रपट नोव्हेंबर १९७७ मध्ये आला, १३५ मिनिटांचा. दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्गला आणखी वेळ हवा होता, त्याच्या मनात १९७८ चा उन्हाळा होता. पण कोलंबिया कंपनी पैशाच्या अडचणीत होती आणि तिला चित्रपट लवकर थिएटरात हवा होता. म्हणजे ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तो दिग्दर्शकाच्या लेखी घाईत सोडलेला पाठ. चित्रपट तुफान चालला. मग स्पिलबर्गने उरलेलं काम पुरं करायला पैसे मागितले. कंपनी तयार झाली, पण एका अटीवर: शेवटी चित्रपटाचा नायक रॉय नीअरी पाहुण्यांच्या यानात चढतो, ते यान आतून दाखवायचं. जाहिरातीला तेवढं पुरेसं होतं.

असा १९८० चा पाठ झाला. नवीन दृश्यं घातली आणि जुनी त्याहून जास्त काढली, म्हणून 'वाढीव' म्हणवणारा हा पाठ १३२ मिनिटांचा, पहिल्यापेक्षा तीन मिनिटांनी आखूड. गोबीच्या वाळवंटात उभं असलेलं 'कोटोपाक्सी' जहाज यात आलं. रॉय कपड्यांसकट शॉवरखाली बसून कोसळतो ते दृश्य आलं. आणि रॉय अंगण उपसून माती खिडकीतून घरात फेकतो, तो प्रसंग गेला.

१९९८ मध्ये स्पिलबर्गने तिसऱ्यांदा हात घातला. अंगण परत आणलं, जहाज आणि शॉवर ठेवलं, यानाचं अंतरंग काढून टाकलं. ते दाखवायला नको होतं, गूढच राहायला हवं होतं, असं त्याने नंतर मोकळेपणाने सांगितलं आहे. हा पाठ १३७ मिनिटांचा.

१९ एप्रिल, शनिवार

घोटाळा झाला.

ताईकडे एक जुनी सुटी डीव्हीडी आहे, कव्हर हरवलेली. ती मशीनमध्ये घातली. एकूण वेळ १३१ मिनिटं ३१ सेकंद. धाकट्याने लगेच 'हा १९८०' म्हणून रकाना भरायला घेतला आणि आम्ही दोन तास त्या रकान्यात वेळा टाकत राहिलो. शेवटाला पोचलो तर यानाचं अंतरंगच नाही! अंगण उपसणं मात्र पुरतं होतं. म्हणजे दृश्यं १९९८ ची आणि लांबी १९८० ची. चौथा पाठ सापडला की काय, असं क्षणभर वाटलं. धाकट्याचे डोळे चमकले होते.

काका कोपऱ्यात पेटी घेऊन बसले होते. बैठकीची सुरुवात त्या पाच सुरांनी करायची अशी त्यांची इच्छा आहे. रे, ग, सा, मग खालचा सा, आणि त्या खालच्या सा-वरचा पंचम. पृथ्वीवरची माणसं आणि परग्रहावरचे पाहुणे यांच्यात झालेलं पहिलं बोलणं एवढंच. जॉन विल्यम्सने असे पाच सुरांचे तीनशेहून अधिक तुकडे लिहून दिले होते, त्यातून हा एक निवडला गेला.

काकांना सूर पेटीवर लागेना. म्हणाले, "पट्टीच सापडत नाही हो. हा सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडतोय." आम्ही म्हटलं, पेटी उतरली असेल. काका दुखावले. फोनवरच्या ट्यूनरने पेटी तपासली. पेटी बरोबर होती.

२१ एप्रिल, सोमवार

उलगडा ताईने केला, आणि तो काकांच्या तक्रारीतूनच झाला.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम या गतीने चालतो. आपल्याकडे आणि युरोपात टीव्हीची पॅल पद्धत सेकंदाला २५ फ्रेमची. डिस्क करताना सोपा मार्ग म्हणजे २४ चं सरळ २५ वर पळवणं. चार टक्के वेगाने. १३७ मिनिटांचा चित्रपट मग साडेएकशेएकतीस मिनिटांत संपतो आणि आवाज अर्ध्या स्वराच्या पाऊण भागाला थोडा कमी, इतका वर चढतो. काकांचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे का पडला ते कळलं. संचातल्या ब्लू-रेवरून तेच दृश्य लावलं आणि काकांनी पट्टीवर बोट ठेवलं. लागला! त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

तर चौथा पाठ वगैरे काही नाही. पाठ १९९८ चाच, प्रत पळवलेली. दोन तासांचं काम पुसलं. पण मला ही गोष्ट सहज सोडता येत नाही. ग्रीडोच्या एका वारावर माणसं वर्षानुवर्षं भांडतात, आणि इथे अख्ख्या चित्रपटातला प्रत्येक आवाज, त्यात काम करणाऱ्या त्रुफोच्या बोलण्यापासून यानाच्या घुमण्यापर्यंत, वर चढवलेला होता. आम्ही तो याच डिस्कवर कितीतरी वेळा पाहिला, पण कोणाच्या ध्यानात आलं नाही. कव्हरवरही कुठे लिहिलेलं नसतं. तक्त्यात नवीन रकाना: 'प्रतीची गती'. ही सूचना काकांच्या नावावर.

२७ एप्रिल, रविवार

आज काम कमी, वाद जास्त. पण वाद कामाचा होता, म्हणून जेवढा आठवतो तेवढा उतरवतो.

धाकट्याची बाजू: चित्रपट ज्याचा त्याने तो बदलावा, आपण कोण अडवणारे? 'स्टार वॉर्स'चा दिग्दर्शक जॉर्ज लुकास, त्याला १९७७ मध्ये जे जमलं नाही ते १९९७ मध्ये तंत्र आल्यावर त्याने केलं. त्याच्या दृष्टीने पहिला पाठ अर्धवट होता, आणि अर्धवट वस्तू लोकांना दाखवण्याची सक्ती त्याच्यावर का?

सरांनी एकनाथांची गोष्ट काढली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. तोवर तीनशे वर्षं ती हातांनी उतरवली जात होती आणि उतरवणाऱ्यांनी आपापले शब्द, आपापल्या ओव्या आत घुसडल्या होत्या. नाथांनी पाठ नीट केला आणि शेवटी बजावलं की यापुढे जो कोणी ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. सर म्हणाले, "हानची ती सरकवलेली मान म्हणजे नरोटी."

धाकटा गप्प बसणाऱ्यांतला नाही. "पण सर, नाथांनी दुसऱ्यांना बजावलं. इथे ज्ञानेश्वरांनीच परत येऊन ओवी बदलली तर?"

सरांना याचं उत्तर चटकन देता आलं नाही. मलाही नाही. प्रश्न चांगला आहे.

ताई मात्र चिडली होती, आणि मला तिचं म्हणणं सगळ्यांत पटलं. ती म्हणाली, चित्रपट एकट्याच्या हातची ओवी नसते. 'स्टार वॉर्स'ला संकलनाचं ऑस्कर मिळालं, पॉल हर्श, मार्शिया लुकास आणि रिचर्ड च्यू या तिघांना. व्हिज्युअल इफेक्ट्सचंही मिळालं. ज्या कामाला ते मिळालं ते काम आज जसंच्या तसं कुठे विकत मिळतं का? "माझं एखादं संकलन वीस वर्षांनी कोणी बदललं तर बदलू दे. पण माझं होतं ते पुसून टाकायचं आणि वर नाव माझंच ठेवायचं, हे नाही चालणार."

मी सेबॅस्टियन शॉ या नटाचं उदाहरण दिलं. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्याच 'रिटर्न ऑफ द जेडाय'च्या शेवटी अनाकिनचा, म्हणजे नायक ल्यूकच्या वडिलांचा, आत्मा म्हणून तो उभा असतो. १९९४ मध्ये तो वारला. २००४ च्या डीव्हीडीत त्याच्या जागी हेडन क्रिस्टेन्सन हा दुसरा नट उभा केला. शॉला विचारायची सोयच उरली नव्हती.

आणि मला सगळ्यांत जड जाते ती गोष्ट अशी. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग फासण्याचं खूळ अमेरिकेत जोरात होतं तेव्हा, मार्च १९८८ मध्ये, लुकास स्वतः अमेरिकी संसदेपुढे जाऊन बोलला होता. कलाकृतीत फेरफार करणाऱ्यांवर त्याने कडक शब्दांत टीका केली. पुढे मूळ निगेटिव्ह हरवून त्यांच्या जागी बदललेल्या निगेटिव्ह येणं आणखी सोपं होईल, असा इशारा दिला. पुढच्याच वर्षी 'स्टार वॉर्स' अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीतल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत गेला. आणि १९९७ साठी काम झालं तेव्हा नवीन शॉट्स बसवायला त्याच चित्रपटाची मूळ निगेटिव्ह कापली गेली. १९८८ चा लुकास अगदी बरोबर होता. त्याने ते मनापासून सांगितलं होतं याबद्दल मला शंका नाही, आणि म्हणूनच वाईट वाटतं.

३ मे, शनिवार

लग्नसराई. काम नाही. फक्त एक ओळ भरली: 'कोटोपाक्सी' हे खरंच अस्तित्वात असलेलं मालवाहू जहाज, १९२५ मध्ये बेपत्ता झालं. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळचा एक अवशेष त्याचाच असल्याची ओळख २०२० मध्ये जाहीर झाली. चित्रपटात ते वाळवंटात, खरं ते समुद्राच्या तळाशी.

११ मे, रविवार

काकांच्या स्कूटरवरून हाळला गेलो. उन्हाचा कडाका.

१९७७ च्या सुरुवातीला स्पिलबर्गची टोळी इथे आली होती. या दृश्याचं छायाचित्रण डग्लस स्लोकोम्बचं, श्रेयनामावलीत त्याचं नाव भारतातल्या भागासाठी वेगळं दिलंय. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो इथे नट म्हणून आला होता. पडद्यावर मात्र या जागेला उत्तर भारतातलं धरमशाला म्हटलंय. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. १९८१ मध्ये रायगड झालं. त्याच १९८१ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या सुरुवातीच्या सरकत्या अक्षरांत 'एपिसोड चार, अ न्यू होप' ही ओळ पहिल्यांदा आली. जिल्ह्याचं नाव बदललं तरी जुन्या सातबाऱ्यावर कुलाबा वाचायला मिळतो.

दृश्य असं: माणसांचा समुद्र बसलेला, सगळे मिळून ते पाच सूर गातायत. त्रुफोने केलेला शास्त्रज्ञ लाकोम्ब येतो. हे सूर कुठून आले, असं विचारलं जातं. क्षणभर थांबून शेकडो हात एकदम वर जातात, प्रत्येकाचं बोट आभाळाकडे. मी हे कितीही वेळा पाहिलं तरी अंगावर काटा येतो.

एका ओटीवर एक आजी भेटल्या. लग्न होऊन या गावात आल्या त्या चित्रीकरणानंतर, त्यामुळे पाहिलेलं काही नाही. काकांनी फोन त्यांच्यापुढे धरला. "मावशी, हे बघा. हे आपलं हाळ."

आजींनी फोन हातात घेतला, लांब धरला, मग जवळ. "तुम्ही म्हणताय तर असेल. पण एवढी माणसं एका गावची नव्हेत." परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघताना त्यांचा अंगठा पडद्यावर होता आणि चित्र मधेच थांबलं, नेमकं हात अर्धे वर गेलेले असताना. त्या थांबलेल्या चित्राकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "सगळ्यांची बोटं एकदम वर. पाठ करून घेतलं असणार त्यांच्याकडून."

चित्रीकरण पाहिलेल्या एकांचं घर दाखवलं, पण ते कुलूपबंद. पावसाळ्यानंतर परत जायचं.

येताना काका म्हणाले, यांच्यातल्या कोणाला तरी कोणता पाठ ठेवायचा असं विचारलं असेल का? मी काहीच बोललो नाही. तक्त्याच्या शेरा रकान्यात मी 'धरमशाला' खोडून 'हाळ, ता. खालापूर' लिहिलं, आणि मग थांबलो. पडद्यावर धरमशाला आहे. मी खोडणारा कोण? दोन्ही लिहिलं.

२५ मे, रविवार

पाऊस यंदा मे महिन्यातच येऊन ठेपलाय. वीज दिवसभर जात-येत होती. लॅपटॉपच्या बॅटरीवर जेवढं झालं तेवढं.

आज 'स्टार वॉर्स'ला ४८ वर्षं झाली. धाकट्याने मधल्या काळात भरपूर वाचलंय आणि तो सरांसाठी एक बातमी घेऊन आला. सर जो 'मूळ' पाठ आठवतात त्याच्या सुरुवातीला 'एपिसोड चार' ही ओळ होती का? सर म्हणाले, होती, पक्की आठवते, भाड्याने आणलेल्या व्हीएचएसवर. मग सर, तो १९८१ नंतरचा पाठ. १९७७ मध्ये चित्रपटाचं नाव नुसतं 'स्टार वॉर्स' होतं.

त्याहून मोठी गोष्ट आवाजाची. १९७७ मध्येच त्याचे तीन ध्वनिपाठ होते: ७० मिलिमीटरसाठी सहा ट्रॅकचा, ३५ मिलिमीटरसाठी स्टिरिओ, आणि लहान थिएटरांसाठी मोनो. मोनो शेवटी झाला म्हणून त्यात दुरुस्त्या जास्त. ल्यूकच्या बेरू काकूचा आवाज त्यात वेगळाच आहे. हान पळत असताना सैनिक 'ब्लास्ट डोअर्स बंद करा' असं ओरडतात, ती ओळ फक्त मोनोत होती. दारं बंद झाल्यावर 'उघडा' म्हणून ओरडतात ती सगळीकडे. म्हणजे त्याच आठवड्यात दोन शहरांत बसलेल्या दोन माणसांनी दोन वेगळे 'मूळ' ऐकले.

सरांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. उलट ते खुलले. म्हणाले, "मग हे तर आपल्या ओळखीचं काम आहे!" पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर घालवला, वि. स. सुकथनकरांसारख्यांनी आयुष्य दिलं. संहिता वर आणि प्रत्येक पाठभेद खाली, पानोपानी. एकही पाठ टाकून दिला नाही. काही पानांवर तर संहितेपेक्षा पाठभेदांनीच जास्त जागा व्यापली आहे.

धाकटा म्हणाला, हे म्हणजे २००७ चा 'ब्लेड रनर'चा संच. पूर्वप्रदर्शनाची कच्ची प्रत, अमेरिकेतला १९८२ चा पाठ, बाहेरच्या देशांतला, १९९२ चा निवेदन आणि सुखान्त शेवट काढलेला, आणि रिडली स्कॉटचा शेवटचा हात. पाचही एका पेटीत. स्कॉटने त्या शेवटच्या पाठात बदल काही कमी केले नाहीत. सापविक्याशी बोलताना हॅरिसन फोर्डचे ओठ संवादाशी जुळत नव्हते, तर त्यासाठी त्याचा मुलगा बेन फोर्ड याचे ओठ आणि हनुवटी चित्रित करून बसवली. पण त्या बदलांवर लोक एवढे चिडले नाहीत, कारण न आवडणाऱ्याला १९८२ चा पाठ त्याच पेटीत मिळतो.

'स्टार वॉर्स'चे मूळ पाठ २००६ मध्ये डीव्हीडीवर आले होते, तेही जादा डिस्क म्हणून, १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या मास्टरवरून. मोठ्या पडद्यावर लावलं की चित्र मधे आक्रसतं, चारी बाजूंनी काळं. शेजारी नवा पाठ लखलखीत. अशा तुलनेत जुना हरणारच. ज्या चाहत्यांनी मग जुन्या प्रिंट्स मिळवून, फ्रेम न् फ्रेम स्कॅन करून १९७७ चा पाठ पुन्हा उभा केला, त्यांच्या कामाची कायदेशीर बाजू लंगडी आहे हे मान्य. तरी मला ते नाथांच्या वंशातले वाटतात.

१ जून, रविवार

तक्ता पूर्ण. ८ तारखेला काय दाखवायचं ते ठरवलं: अंगण, कोटोपाक्सी, शॉवर, हाळ, यानाचं अंतरंग, आणि १९७७ चा शेवट.

अंतरंगाबद्दल माझं मत लिहून ठेवतो. रॉय पायऱ्या चढतो, प्रकाशात विरघळतो, दार मिटतं. मी त्याच्यामागे आत जाऊ इच्छित नाही. आत गेल्यावर दिसतात ती दिव्यांची उंच दालनं. देखणी आहेत, पण ती पाहून संपतात. बंद दारामागचं मात्र संपत नाही. स्पिलबर्गने ते काढलं याचा मला आनंद आहे.

'ई.टी.'ची ओळही शेऱ्यात घातली. २००२ मध्ये त्याच स्पिलबर्गने मुलांचा पाठलाग करणाऱ्या सरकारी माणसांच्या हातातल्या बंदुका पुसून वॉकीटॉकी दिल्या. नंतर त्याला पस्तावा झाला. २०१२ च्या ब्लू-रेवर १९८२ चा पाठ परत आला, आणि आपण तेव्हा चुकलो हे त्याने जाहीरपणे सांगितलं. मोठ्या माणसाने असं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. पण त्याला परत फिरता आलं, कारण परत फिरायला जुना पाठ शाबूत होता.

८ जून, रविवार

चौदा जण आले. काकांनी पेटीवर पाच सूर वाजवले, आता बरोबर पट्टीत. मग पॅल डिस्कवरचे तेच सूर ऐकवले. फरक ऐकताच खोलीत कुजबूज उठली. संध्याकाळचा सगळ्यांत चांगला क्षण हाच.

अंगण आणि शॉवरवर बोलणं झालं, ठीक होतं. हाळला टाळ्या पडल्या. दोघांनी आपापल्या घरातल्या कोणाचं तरी नाव घेऊन पडद्याजवळ जाऊन गर्दीतले चेहरे शोधले.

यानाचं अंतरंग लावलं आणि मी माझं मत सांगायला उभा राहणार, एवढ्यात शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "थांबा, परत लावा." त्यांचा आवाज बदललेला होता. परत लावलं. वहिनी म्हणाल्या की लहानपणी मामाकडे व्हीएचएसवर त्यांनी हा चित्रपट पाहिला होता. रॉय आत जातो, आत सगळीकडे दिवे, वर पाहतो, हे त्यांना चित्रासारखं आठवत होतं. मोठेपणी डीव्हीडी आणली तर ते नाहीच. मुलांना सांगितलं, मुलं म्हणाली आई, तुझा दुसऱ्या कुठल्या तरी चित्रपटाशी घोळ होतोय. "मग मलाच वाटायला लागलं, मी ते स्वप्नात पाहिलं असेल. वीस वर्षं मी असंच धरून चालले होते."

मी तयार केलेलं बोललो नाही. माझं मत बदललेलं नाही, ते दृश्य मला आजही नको आहे. पण वहिनींचा मूळ पाठ १९८० चा आहे. मला ज्याचं जाणं आवडलं ते त्यांच्या बालपणातून गेलं होतं. 'स्टार वॉर्स'चा १९७७ चा पाठ मिळत नाही म्हणून मी हळहळत होतो, तेव्हा १९८० च्या पाठासाठी कोणी हळहळत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिन्ही पाठ एका संचात ठेवणाऱ्यांचे त्या क्षणी मी मनातल्या मनात आभार मानले.

शेवटी सरांनी 'राजा हरिश्चंद्र'चा विषय काढला. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा चित्रपट म्हणून आपण जी रिळं पाहतो, ती त्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. खोली एकदम शांत झाली. मग चहा.

मतदान घ्यायचं ठरलं होतं, कोणता पाठ श्रेष्ठ म्हणून. कोणीच आठवण केली नाही.

१४ जून, शनिवार

धाकट्याने सकाळी फोन केला. गुरुवारी, १२ तारखेला, लंडनमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या महोत्सवाची सुरुवात 'स्टार वॉर्स'च्या १९७७ च्या प्रिंटने केली. टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीने छापलेली प्रिंट, जिच्यात रंग शाईसारखे उमटवलेले असतात आणि म्हणून उतरत नाहीत. इतकी वर्षं थंडगार कोठारात जपून ठेवलेली. हान आधी झाडतो, एकटाच. धाकटा म्हणाला, "सरांना सांगा." मी म्हटलं, तूच सांग. अर्ध्या तासाने सरांचा फोन, ते बोलताना सारखे घसा साफ करत होते.

राहिलेलं काम: तक्त्याच्या पाच प्रती छापायच्या. एक वहिनींना. पॅल डिस्कवर मार्करने 'प्रत पळवलेली, पाठ १९९८' असं लिहायचं, ते ताईने केलं. हाळच्या दृश्याची एक चौकट मोठ्या कागदावर छापून काका आजींना नेऊन देणार आहेत. कोणती चौकट, असं त्यांनी विचारलं. बोटं पूर्ण वर गेलेली, की आजींचा अंगठा पडून थांबली होती ती, हात अर्धे वर असलेली? मी दोन्ही छापायला दिल्या आहेत.